डेटा लॉगरचं ४–२० मिलीअँपिअर आउटपुट जोडताना: नवख्यांसाठी पायरीपायरीनं

कृष्णाकाठच्या एका जॅकवेलवर (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीवर) पाण्याची पातळी मोजून नोंदवणारा डेटा लॉगर मी उन्हाळ्यात बसवला. त्याचं ४–२० मिलीअँपिअरचं (एमए) आउटपुट, म्हणजे रेंजच्या तळाला ४ आणि माथ्याला २० एमए करंट, चारशे मीटरवरच्या कंट्रोल रूममधल्या पीएलसीला (पंप-अलार्म चालवणाऱ्या कंट्रोलरला) दिलं. तिथल्या लोकांनी त्याच सिग्नलवर एक जुना पॅनेल इंडिकेटर आणि एक पेपर रेकॉर्डर चालवायला सांगितलं, तेही जोडून दिलं. नदीत पाणी तीन मीटर होतं, स्क्रीनवर तीन मीटर दिसत होतं. सगळे खूश झाले आणि मी घरी आलो.

ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं. साडेतेरा मीटरच्या आसपास स्क्रीनवरचा आकडा थांबला तो हललाच नाही. भिंतीवर रंगवलेल्या पट्टीवर पाणी चढताना डोळ्यांना दिसत होतं आणि ऑपरेटर मला फोनवर सांगत होता, "साहेब, लेव्हल स्थिर आहे." सेन्सर ठीक होता, लॉगर ठीक होता, पीएलसी ठीक होता. लूपमध्ये, म्हणजे करंट फिरून येतो त्या वायरींच्या गोलात, रेझिस्टन्स जास्त झाला होता आणि वरचा करंट त्यातून जाऊच शकत नव्हता. उन्हाळ्यात खालच्या पातळीला हे कळणं शक्य नव्हतं, कारण मी लूपमधून २० एमए पाठवून तपासलंच नव्हतं.

कुपवाड एमआयडीसीत, साखर कारखान्यात, बेदाण्याच्या शीतगृहात किंवा पाणी योजनेवर जी मुलं आयटीआय-डिप्लोमा करून नव्यानं कामाला लागतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लॉगरला सेन्सर जोडायला सगळे शिकवतात. लॉगरचं आउटपुट पुढं कसं न्यायचं हे मात्र बहुतेकांना साइटवर चुका करतच शिकावं लागतं.

## १. आधी हातात काय हवं

कागद: लॉगरच्या मॅन्युअलमधलं आउटपुटचं पान, पीएलसीच्या अॅनालॉग इनपुट कार्डचं पान आणि केबलचा मार्ग दाखवणारं साधं रेखाटन. मॅन्युअल नसेल तर लॉगरच्या नेमप्लेटचा फोटो काढून मॉडेल नंबरावरून मागवा. अंदाजानं जोडू नका.

साहित्य: चांगला मल्टिमीटर, जमल्यास लूप कॅलिब्रेटर, २५० ओहमचा ०.१ टक्का अचूकतेचा एक रेझिस्टर (पाव वॅटचा पुरतो, कारण २० एमएला त्यात फक्त ०.१ वॅट जातो), फेरूल (वायरच्या टोकाला चढवायची टोपी) आणि क्रिंपिंग टूल, वायर नंबरिंगची पट्टी, हीट श्रिंक स्लीव्ह, बारीक स्क्रू ड्रायव्हर. रेझिस्टर विसरू नका. पुढं अर्धी तपासणी त्याच्याच जिवावर आहे.

आणखी एक. टर्मिनलवर एआय आणि एओ असं छापलेलं असतं. एआय म्हणजे आत येणारा सिग्नल, एओ म्हणजे बाहेर जाणारा. लॉगरचं एओ पीएलसीच्या एआयला जातं. हे वाचताना सोपं वाटतं, पण रात्रीच्या शिफ्टला टॉर्चच्या उजेडात एओला एओ जोडलेलं मी पाहिलं आहे.

## २. लूपला वीज कोण देतंय, हे ठरवा

या लेखातली एकच पायरी वाचायला वेळ असेल तर ही वाचा.

४–२० एमएच्या लूपमध्ये तीन गोष्टी असतात: व्होल्टेज देणारा, करंट ठरवणारा आणि करंट मोजणारा. करंट ठरवणारा म्हणजे आपला लॉगर. मोजणारा म्हणजे पीएलसी. व्होल्टेज देणारा कोण, इथं घोळ होतो. तो लूपमध्ये एकच असला पाहिजे. दोन झाले तर कार्ड किंवा आउटपुट जळू शकतं. एकही नसला तर करंट वाहतच नाही.

लॉगरचं आउटपुट दोन प्रकारचं असतं. अॅक्टिव्ह आउटपुट स्वतःच लूपला व्होल्टेज देतं. पॅसिव्ह आउटपुट नुसतं नळाच्या तोटीसारखं काम करतं: पाणी बाहेरून यायला हवं, किती सोडायचं ते तोटी ठरवते. पीएलसीच्या इनपुटचंही तसंच. कार्डवर चॅनेल दोन-वायर की चार-वायर हे निवडता येतं, कधी जंपरनं, कधी सॉफ्टवेअरमधून. दोन-वायर निवडलं की कार्ड स्वतः २४ व्होल्ट देतं. चार-वायर निवडलं की ते फक्त मोजतं.

मॅन्युअल हाताशी नसेल तर मीटरनं ओळखता येतं. काहीही जोडलेलं नसताना लॉगरच्या आउटपुट टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजा. बारा ते चोवीस व्होल्ट दिसले तर अॅक्टिव्ह, शून्य दिसलं तर पॅसिव्ह. हेच पीएलसीच्या इनपुट टर्मिनलवर करा. २४ व्होल्ट दिसले तर कार्ड वीज देतंय. या दोन मोजण्यांना दोन मिनिटं लागतात. ही दोन मिनिटं वाचवल्यामुळं एका नव्या कार्डाचं एक चॅनेल माझ्या हातून गेलं आहे, म्हणून इतकं ठासून सांगतोय.

लॉगर अॅक्टिव्ह, पीएलसी चार-वायर. लॉगरचा प्लस पीएलसीच्या इनपुट प्लसला, मायनस मायनसला. बाहेरचा सप्लाय नको.

लॉगर पॅसिव्ह, पीएलसी दोन-वायर. कार्डचा २४ व्होल्टचा टर्मिनल लॉगरच्या प्लसला, लॉगरचा मायनस कार्डच्या इनपुटला. इथं "मायनसमधून वायर इनपुटला कशी?" असं नवख्यांना वाटतं. करंट लॉगरच्या प्लसमधून आत जातो आणि मायनसमधून बाहेर पडून कार्डात मोजला जातो, एवढं लक्षात ठेवा.

लॉगर पॅसिव्ह, पीएलसी चार-वायर. मध्ये वेगळा २४ व्होल्टचा एसएमपीएस (डीसी पॉवर सप्लाय) लागतो. एसएमपीएसचा प्लस लॉगरच्या प्लसला, लॉगरचा मायनस पीएलसीच्या इनपुट प्लसला, पीएलसीच्या इनपुटचा मायनस परत एसएमपीएसच्या मायनसला. एक गोल पूर्ण होतो.

लॉगर अॅक्टिव्ह, पीएलसी दोन-वायर. असं जोडायचंच नाही. आधी कार्डची सेटिंग बदला.

सोलरवर चालणाऱ्या लॉगरबद्दल वेगळं सांगायला हवं. नदीकाठी किंवा द्राक्षबागेतल्या हवामान केंद्रात १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी असते. अॅक्टिव्ह आउटपुटनं २० एमए, २४ व्होल्टला सोडला की सतत ०.४८ वॅट जातो. कन्व्हर्टरचं नुकसान धरून बॅटरीतून सुमारे ५० एमए निघतो, म्हणजे ऊन न पडता बॅटरी जेमतेम सहा दिवस. त्यातून लॉगरचा स्वतःचा खर्च वेगळा. आपल्याकडं जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तिथं पॅसिव्ह आउटपुट घ्या आणि लूपची वीज कंट्रोल रूमच्या बाजूनं द्या.

## ३. रेझिस्टन्सचा हिशेब कागदावर करा

माझी चूक इथं झाली होती.

लूपमध्ये एकामागोमाग जे काही जोडाल, त्या प्रत्येकावर थोडं व्होल्टेज पडतं. सगळ्यांची बेरीज सप्लायला झेपली पाहिजे. सूत्र सोपं आहे: सप्लायच्या व्होल्टमधून लॉगरच्या आउटपुटला लागणारे किमान व्होल्ट वजा करा आणि आलेल्या संख्येला जास्तीत जास्त करंटनं भागा.

त्या जॅकवेलवर सप्लाय २४ व्होल्ट, आउटपुटला किमान ९ व्होल्ट. उरले १५. फॉल्टचा करंट (सेन्सर बिघडला हे कळवायला लॉगर सोडतो तो, सातवी पायरी बघा) २१.५ एमए धरला तर १५ भागिले ०.०२१५, म्हणजे सुमारे ६९७ ओहम. एवढा रेझिस्टन्स चालतो.

आता लूपमध्ये काय होतं ते बघा. पीएलसीचं इनपुट २५० ओहम. ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल किलोमीटरला साधारण ३७ ओहम, जाऊन-येऊन ८०० मीटर, म्हणजे ३० ओहम. सर्ज प्रोटेक्टर (वीज कडाडल्यावर येणारा झटका अडवणारा) ४० ओहम. बेरीज ३२०, म्हणजे निवांत. त्यात इंडिकेटरचे २५० आणि रेकॉर्डरचे २५० मिळवले की ८२०. पंधरा व्होल्टात ८२० ओहममधून १८.३ एमएपेक्षा जास्त करंट जाऊच शकत नाही. १८.३ एमए म्हणजे ८९ टक्के, म्हणजे पंधरा मीटरच्या रेंजमध्ये १३.४ मीटर. आकडा नेमका तिथंच अडकला.

उपाय म्हणून मी दोन जुनी उपकरणं लूपमधून काढली आणि सिग्नल आयसोलेटर-स्प्लिटर (एका सिग्नलची विजेच्या दृष्टीनं वेगळी आउटपुट करून देणारं उपकरण) बसवून त्यांना वेगळं आउटपुट दिलं.

याच्या उलट चूकही होते. "एकामागोमाग जोडलं की रेझिस्टन्स वाढतो ना, मग शेजारी-शेजारी जोडू," असं म्हणून दुसरं उपकरण पॅरललमध्ये टाकतात. मग करंट वाटला जातो. १२ एमए सोडला तर दोघांना सहा-सहा मिळतो आणि दोन्हीकडं ५० ऐवजी १२.५ टक्के दिसतं. करंट लूपमध्ये मोजणारी उपकरणं नेहमी सिरीजमध्येच.

## ४. केबल ओढणं

शील्ड असलेली, पिळाच्या जोड्यांची केबल घ्या. उघड्यावर किंवा जमिनीखाली जायची असेल तर आर्मर्ड, कारण शेताच्या कडेनं गेलेल्या केबलला उंदीर-घुशी सोडत नाहीत. मोटरच्या पॉवर केबलपासून किमान ३० सेंटिमीटर लांब ठेवा, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) आउटपुट केबलशेजारून तर अजिबात नको. एकाच केबलमध्ये सिग्नल आणि २३० व्होल्ट नेणारे वायरमन अजूनही भेटतात. त्यांना नम्रपणे पण ठाम नकार द्या.

जंक्शन बॉक्सचे ग्लँड (केबल आत शिरायची तोंडं) खालच्या बाजूला ठेवा आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलातून गळून जाईल. नदीकाठी बॉक्स किती उंचीवर लावायचा, याला आमच्याकडं एकच माप आहे: २०१९ च्या पुराची खूण. गावात कुणालाही विचारा, भिंतीवर हात ठेवून दाखवतील. त्याच्या वर.

## ५. शील्ड आणि अर्थिंग

शील्ड एकाच टोकाला अर्थ करायची, शक्यतो कंट्रोल रूमच्या पॅनेलमध्ये. लॉगरकडचं टोक कापून त्यावर हीट श्रिंक चढवा. दोन्ही टोकांना अर्थ केली तर दोन जागांच्या अर्थमधला फरक शील्डमधून वाहतो, आणि पंप सुरू झाला की आकडा नाचायला लागतो.

दुसरा घोळ कॉमनचा. बऱ्याच लॉगरमध्ये चार आउटपुट असली तरी चौघांचा मायनस आतून एकच असतो आणि तो लॉगरच्या ग्राउंडलाही जोडलेला असतो. एक आउटपुट पंपाच्या पॅनेलला आणि दुसरं कंट्रोल रूमला दिलं की दोन पॅनेलचे अर्थ लॉगरमधून एकमेकांना भेटतात. मॅन्युअलमध्ये "चॅनेल ते चॅनेल आयसोलेशन" (आउटपुट आतून एकमेकांना जोडलेली नसणं) आहे का ते बघा. नसेल तर प्रत्येक आउटपुटवर सिग्नल आयसोलेटर लावा. असा लॉगर पॅसिव्ह असेल तर दुसऱ्या पायरीतली जोडणीही तशीच्या तशी चालत नाही. लॉगरचा मायनस सप्लायच्या मायनसलाच जावा लागतो आणि पीएलसीचं इनपुट प्लसच्या बाजूला येतं. त्यासाठी पीएलसीचं चॅनेल आयसोलेटेड हवं.

यातलीच एक चकवणारी गोष्ट: सेटिंगसाठी लॅपटॉप लॉगरला लावला की आकडा सरकतो, लॅपटॉप काढला की ठीक होतो. लॅपटॉपच्या चार्जरमधून अर्थ लॉगरपर्यंत पोचलेला असतो. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर लॅपटॉप चालवून बघा. लॉगरला दोष द्यायच्या आधी हे करा.

## ६. स्केलिंग: मीटर की फूट

एमए = ४ + १६ × (मोजलेली किंमत − खालची मर्यादा) ÷ (वरची मर्यादा − खालची मर्यादा).

रेंज ० ते १५ मीटर आणि पाणी ६ मीटर असेल तर ४ + १६ × ६ ÷ १५, म्हणजे १०.४ एमए. शीतगृहात रेंज उणे १० ते ४० अंश आणि तापमान ५ अंश असेल तर ४ + १६ × १५ ÷ ५०, म्हणजे ८.८ एमए. उणे आकड्याची वजाबाकी करताना बेरीज होते, तिथं घाई करू नका.

लॉगरमध्ये आणि पीएलसीमध्ये दोन्ही मर्यादा अगदी तंतोतंत सारख्या हव्यात. सांगलीत नदीची पातळी लोक फुटांतच बोलतात. इर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. लॉगर मात्र मीटरमध्ये असतो. मग कुणीतरी लॉगरमध्ये ० ते १५ मीटर ठेवतो आणि पीएलसीमध्ये ० ते ५० फूट टाकतो, कारण "तेवढंच होतं". पंधरा मीटर म्हणजे ४९.२ फूट. त्यामुळं खरी पातळी ४५ फूट असताना स्क्रीनवर ४५.७ फूट दिसते. आठ-नऊ इंचांचा हा फरक कोरड्या दिवसांत कुणाच्या लक्षात येत नाही. पुराच्या दिवशी मात्र आठ इंचांवर माणसं घर सोडायचं ठरवतात. पीएलसीमध्ये आधी मीटरच ठेवा आणि दाखवताना ३.२८०८ नं गुणा.

पीएलसीच्या आत हा सिग्नल कच्च्या आकड्यात येतो. सीमेन्सच्या एस-७ मालिकेत ४ ते २० एमए म्हणजे ० ते २७६४८. दुसऱ्या कंपनीचं कार्ड असेल तर त्याचा आकडा त्याच्या मॅन्युअलमधून घ्या, हा तसाच उचलू नका.

## ७. सेन्सर बिघडला तर आउटपुटनं काय करायचं

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, पण तुम्ही ग्राहकाला विचारायलाच हवा. प्रचलित पद्धत नामूर एनई ४३ नावाच्या शिफारशीतून आली आहे: ३.८ ते २०.५ एमए हे खरं मोजमाप, ३.६ किंवा त्याखाली अथवा २१ किंवा त्यावर म्हणजे बिघाड. लॉगरच्या सेटिंगमध्ये बिघाडाला खाली जायचं की वर, हे निवडता येतं.

निवड कामावरून करा. जॅकवेलचा पंप पाणी कमी झाल्यावर बंद करायचा असेल तर बिघाडाला ३.६ निवडा. पंप बंद पडेल, पण कोरडा फिरून जळणार नाही. पुराचा इशारा द्यायचा असेल तर २१ च्या वरचा निवडा. सेन्सर तुटल्यावर "पाणी तळाला आहे" असं दिसण्यापेक्षा उगाच भोंगा वाजलेला परवडला. एकाच सिग्नलवर दोन्ही कामं असतील तर पीएलसीच्या प्रोग्रॅमरबरोबर बसून बिघाडाचा वेगळा अलार्म करून घ्या.

बॅटरी वाचवायला काही लॉगर दर पंधरा मिनिटांनी जागे होतात. मधल्या वेळात आउटपुट आधीचा आकडा धरून ठेवतं की बंद होतं, तेही बघून ठेवा. बंद होत असेल तर पीएलसी दर पंधरा मिनिटांनी वायर तुटल्याचा अलार्म देत बसेल.

## ८. तपासणी: पाच आकडे, सुटका नाही

पीएलसी जोडायच्या आधी केबलच्या शेवटच्या टोकाला, पीएलसीच्या जागी, तो २५० ओहमचा रेझिस्टर लावा. पीएलसी दोन-वायरवर असेल तर तेवढ्यापुरता एसएमपीएस वापरा. लॉगरच्या टेस्ट मेनूमधून आउटपुट जबरदस्तीनं ४, ८, १२, १६ आणि २० एमएवर न्या. रेझिस्टरवर १, २, ३, ४ आणि ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. मग रेझिस्टर काढून पीएलसी जोडा आणि तेच पाच आकडे स्क्रीनवर ०, २५, ५०, ७५, १०० टक्क्यांशी जुळवा. शेवटी २१.५ सोडून बघा, तोही पोचला पाहिजे. लूपमध्ये नंतर काहीही वाढवलं तर हे सगळं परत करा. मी केलं नव्हतं.

मल्टिमीटरनं सरळ करंट मोजायचा असेल तर लूप तोडून मीटर सिरीजमध्ये घ्या आणि लाल वायर एमएच्या भोकात घाला. मोजून झालं की त्याच क्षणी लाल वायर व्होल्टच्या भोकात परत आणा. एमएच्या भोकात वायर राहिली आणि कुणी त्याच मीटरनं २३० व्होल्ट बघायला गेला तर फ्यूज उडतो, आणि मीटर हलक्या दर्जाचा असेल तर हातात फुटतो. शेजारी उभ्या असलेल्या हेल्परला हे आधी सांगा.

## ९. आकडा चुकला तर कुठं बघायचं

स्क्रीनवर उणे २५ टक्के, म्हणजे पंधरा मीटरच्या रेंजमध्ये उणे ३.७५: करंट शून्य आहे. वायर तुटली, प्लस-मायनस उलटले किंवा सप्लाय नाही. ३.६ वर स्थिर: वायरिंग ठीक आहे, लॉगर स्वतः सांगतोय की सेन्सर गेला. खाली बरोबर, वर जाऊन अडकतो: तिसरी पायरी. निम्मा करंट: कुणीतरी पॅरलल जोडलंय. पंप चालू झाल्यावरच नाचतो: शील्ड आणि अर्थ. वळवाच्या कडकडाटानंतर आकडा थोडासाच सरकलेला: सर्ज प्रोटेक्टर अर्धवट गेला असण्याची शक्यता मोठी. तो बाजूला काढून पाच आकडे परत घ्या.

काम संपल्यावर एक कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. त्यावर लिहा: लूपला वीज कुठून येते, लॉगर अॅक्टिव्ह की पॅसिव्ह, रेंज आणि एकक, लूपचा एकूण रेझिस्टन्स आणि अजून किती ओहमला जागा शिल्लक आहे, बिघाडाचा एमए, शील्ड कुठल्या टोकाला अर्थ आहे, पाच आकड्यांची वाचनं आणि तारीख. पेन्सिलनं लिहा. पॅनेलमधल्या दमट हवेत जेल पेनची शाई दोन पावसाळ्यांत उतरते.